फळ्यावरचा फितूर

गोलकीपर ऋतुराज तालमीची फुटबॉल टीम सोडून पलीकडच्या पेठेच्या टीमला गेला आणि तालमीच्या अध्यक्षाचं, केरबाचं, डोकंच फिरलं. तो तडक विजयसिंहांच्या दारात आला. चौकातल्या तालमीच्या फळ्यावर रोज खडूनं लिहायचं काम विजयसिंहांचं. त्या फळ्यात त्यांचा सगळा जीव.

"आबा, त्याला असा शब्द हाणा की जेवान गेलं न्हाय पायजे! गद्दार नको. त्ये आता कुणालाबी म्हणत्यात."

"फितूर?" विजयसिंह पुटपुटले आणि त्यांची तंद्री लागली.

झालं! शब्द भेटला की हा माणूस कामातून गेलाच. फळ्यावर तिरपं ऊन आलं होतं, खडूची भुकटी त्यात तरंगत होती. वर ठळक 'फितूर' लिहून ते खाली बारीक अक्षरात त्याचं मूळ लिहीत सुटले. शब्द अरबी, मूळ अर्थ सुस्ती, अंगातला जोर ओसरणं, मग निष्ठा ढिली पडली तरी तोच शब्द. लिहिता लिहिता त्यांनाच गोड पेंग आली. फळा भरला, ऋतुराजच्या नावाला जागाच उरली नाही. खाली रोजची सही मात्र झाली, 'विजयसिंह'.

मधलं बारीक कोण वाचतंय? वर फितूर, खाली विजयसिंह! टपरीवाल्यानं चहा द्यायचा बंद केला. घरी आक्काताईंनी ताट आपटलं.

"कधी मिळालासा त्यांना? बायकोला तरी सांगायचं हुतं की!"

केरबानं खडूचा डबा काढून घेतला.

"अरे, वाचा तरी नीट!"

"वाचलं की. तुमचंच नाव हाय."

विजयसिंहांना घास गिळवेना. फळ्याशिवाय जगायचं कसं?

सकाळी ऋतुराज दारात हजर. "काका, आमच्या फळ्यावर लिवा. आमच्यात अक्षरच न्हाय कुणाला."

गेले बिचारे. काल खोटे फितूर होते, आज खरे झाले.

मॅचच्या आदल्या दिवशी केरबा मान खाली घालून आला. "आबा, आमच्या फळ्यावर तुमास्नी हाणायला एक जबर शब्द पायजे. आमाला गद्दारच्या म्होरं कायबी येत न्हाय."

विजयसिंहांची नजर पुन्हा कुठंतरी लांब लागली. "'अस्तनीतला निखारा' लिही. अस्तनी म्हंजे अंगरख्याची बाही. आपल्याच बाहीत जपलेला इस्तू. मला शोभंल."

"शोभंल की!" केरबानं मान डोलावली. "पर एवढं लिवायचं कुणी?"

"आण खडू."

भर चौकात विजयसिंहांनी स्वतःलाच अशी वळणदार शिवी लिहिली की पेठ बघतच राहिली.

केरबानं छाती फुगवली. "बघा! असला गद्दार हाय का दुसऱ्या कुठल्या पेठेत?"