प्रेमाची निम्म्या भावातली फेरी

प्रेमाला पैसे लागत नाहीत, डोकं लागतं, असं अदाउतो येईल त्याला ऐकवायचा. आणि ते डोकं आपल्याकडे आहे, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. पन्नाशी उलटलेली, बायको कधीच सोडून गेलेली, चौकात पंखे दुरुस्तीचं दुकान. माणूस वाईट नाही हो, पण चमडी जाईल, दमडी जाणार नाही.

तर या अदाउतोचा जीव जडला लिंदाल्वावर. ती विधवा, बस थांब्यावर कसाव्याच्या कंदाचा केक विकायची. हा रोज सकाळी एक तुकडा घ्यायचा, "छान झालाय" म्हणायचा आणि खाली मान घालून परत यायचा. यातच दोन वर्षं गेली. मग एका सकाळी त्याची बहीण नेउझा दुकानात आली.

"दादा, लिंदाल्वा चालली. लेकीकडे, फोर्तालेझाला. कायमची."

"कधी?"

"आज दुपारच्या बसने. बस आता पंखे पुसत."

तोंडाने बोलायची अदाउतोची हिंमत नव्हती. राहता राहिली जेनिवाल्दोची भोंग्याची गाडी. आमच्या गावात अंडी, गॅस, वाढदिवस, मयत, सगळं त्या गाडीवरूनच कळतं. प्रेमाचे निरोपही जातात, दारात गाडी उभी करून, गाण्यासकट.

"प्रेमाची फेरी महाग पडते," जेनिवाल्दो म्हणाला. "पाकळ्या, फटाके, गाणं..."

"पाकळ्या नकोत. फटाके नकोत. आत्ता कुठलं गाणं लावलंयस?"

"आवे मारिया. सकाळी एक मयत होती ना."

"मग तेच राहू दे. भारदस्त वाटेल. निम्म्या भावात कर."

आता भोंग्यावर आवे मारिया लागलं की आमच्याकडे पुढचं ऐकायला कोण थांबतं? नाव तेवढं कानावर घ्यायचं, खुर्ची उचलायची आणि मयताच्या घरी निघायचं. त्यात जेनिवाल्दोची जीभ सवयीची गुलाम. "अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की," अशी त्याने सुरुवात केली, मग जीभ चावली आणि अदाउतोचा निरोप वाचला, "लिंदाल्वा, तू गेल्यावर या गावात माझं काही उरणार नाही. तुझाच अदाउतो."

लाजेने चूर झालेला अदाउतो खिडक्या-दारं लावून घरात पलंगावर पडला होता. लोकांच्या कानात राहिलं ते शेवटचं, अदाउतोचं नाव, आणि त्या बंद खिडक्या पाहून कुणालाच शंका उरली नाही. बघता बघता अंगण खुर्च्यांनी भरलं. कॉफीचे थर्मास आले. नेउझा काळा रुमाल बांधून हंबरडा फोडतच आली.

"कालच भेटला होता," न्हावी डोळे पुसत म्हणाला. "अर्धीच दाढी कर, अर्धी घरी करतो म्हणाला."

आत अदाउतोला वाटलं, लोक अभिनंदनाला आलेत आणि नेउझा आनंदाने रडतेय. तो दाराशी कान लावून उभा राहिला. एवढ्यात लिंदाल्वा आली. हातात बॅग, डोळे लाल. ती पायरीवर बसली आणि बंद दाराशी बोलू लागली.

"गाढवा, दोन वर्षं माझा केक खाल्लास. एकदा तोंड उघडलं असतंस, तर लेकीला मी येत नाही म्हणून कळवलं असतं. तुझीच वाट बघत होते रे मी."

मयताने आतून कडी काढली.

न्हावी खुर्चीसकट उलटा झाला. लिंदाल्वाने अदाउतोला आपादमस्तक न्याहाळलं आणि एक सणसणीत ठेवून दिली.

"तू मेला नाहीस?"

"नाही."

"मग मी बस कुणासाठी सोडली?"

इथे माणसाने काहीतरी गोड बोलावं की नाही? पण सवय वाईट. "उद्या सकाळी दुसरी आहे," अदाउतो म्हणाला. "जरा स्वस्तही पडते."

सगळ्या अंगणाने कपाळावर हात मारला. "मेलेलाच बरा होतास, दादा," नेउझा म्हणाली.

लिंदाल्वाने बॅग उचलली आणि चालू पडली. फाटकापर्यंत पोचली, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला.

"जाऊ नको."

भोंगा नाही, गाणं नाही, आवाजही धड नाही. ती थांबली. "पुन्हा म्हण."

"जाऊ नको ना, लिंदाल्वा. मला करमणार नाही."

"हे फुकटात होत होतं, अदाउतो," ती म्हणाली आणि बॅग त्याच्या हातात दिली.

लग्नाची दवंडीही जेनिवाल्दोच्याच गाडीवरून फिरली. अदाउतोने पुन्हा निम्माच भाव दिला होता, फक्त गाणं बदलायचे पैसे वेगळे पडणार होते, ते त्याने वाचवले. चर्चमध्ये अर्धं गाव काळ्या कपड्यांत आलं, आपापल्या खुर्च्या घेऊन.