उगवून मागे फिरलेला सूर्य

राजकुंवरबाई आणि त्यांची थोरली जाऊ कमलबाई यांच्यात वाटणीवरून कधी वाजलं नाही, दागिन्यांवरून वाजलं नाही. वाजलं ते सूर्यावरून.

राजकुंवरबाई जळगावात, कमलबाई धुळ्यात. दोघींची रोजची नवकारसी, म्हणजे सूर्य उगवून दोन घडी होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आता जळगाव पडलं पूर्वेला. तिथे सूर्य धुळ्याच्या दोन-तीन मिनिटं आधीच हजर. हे कमलबाईंना कुठूनसं कळलं आणि तेव्हापासून रोज फोनवर एकच, "तुझं बरं आहे गं राजकुंवर, तुझा चहा लवकर होतो. आम्हाला मेलं धुळ्यात ताटकळत बसावं लागतं."

गेल्या चातुर्मासात तपस्वी म्हणून परिवारातर्फे शाल मिळाली ती कमलबाईंना. ती त्या तीन मिनिटांच्या जोरावरच मिळाली, याबद्दल राजकुंवरबाईंना तिळभर शंका नव्हती. वर कमलबाई ती लोकरीची शाल धुळ्याच्या मे महिन्यातसुद्धा पांघरून व्हिडिओ कॉल करायच्या. यंदाची शाल जळगावला आली नाही, तर आपण तोंड दाखवायचं कुठे, एवढाच राजकुंवरबाईंना घोर.

आषाढात ढग दाटले आणि सूर्य दिसेनासा झाला. तेव्हा नात आयुषीने लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला. त्यात आकाशाचं एक सॉफ्टवेअर होतं. गाव जळगाव टाकलं की जळगावचा सूर्य पडद्यावर उगवायचा, बाहेर ढग असोत की धुकं. राजकुंवरबाई रोज पहाटे माळ घेऊन टीव्हीसमोर बसू लागल्या.

पण आयुषीचं भुसावळला विज्ञान प्रदर्शन होतं. आदल्या संध्याकाळी ती त्याच लॅपटॉपवर परक्या ग्रहांवरचे सूर्योदय काढून बघत होती. मंगळावरचा निळसर, शुक्रावरचा पश्चिमेकडून. शेवटी तिने बुध लावला, वेळ भराभर पळवायचं बटण दाबलं, सूर्योदयाच्या जरा आधी आणून थांबवला आणि विसरून गेली. सकाळी ती अंधारातच मैत्रिणीच्या स्कूटीवर निघून गेली.

राजकुंवरबाईंनी शिकवल्याप्रमाणे बटण दाबलं. सूर्य वर आला तो रोजच्या तिप्पट. चातुर्मासाचा आहे, असेल मोठा, असं म्हणून त्यांनी हात जोडले. सूर्य वर चढला, थबकला, काहीतरी घरी विसरल्यासारखा घुटमळला आणि हळूहळू खाली उतरून नाहीसा झाला. राजकुंवरबाईंची माळ तिथेच थांबली. तेवढ्यात लाइट गेली.

"हिना," त्यांनी सुनेला हाक मारली, "सूर्य परत गेला."

हिनाने खिडकीबाहेर पाहिलं. "मम्मीजी, बाहेर चांगला उजेड आहे."

"उजेड ट्यूबलाइटचा पण असतो."

राजकुंवरबाई काही भोळ्या नव्हत्या. कुठेतरी गडबड आहे हे त्यांना आतून कळत होतं. पण त्या घडीला त्यांच्या डोळ्यांपुढे सूर्य नव्हताच, शाल होती. त्यांनी धुळ्याला फोन लावला.

"भाभीसा, तुम्ही घ्या चहा. आमचा सूर्य आज उगवून परत गेला. आता पुन्हा उगवेल तेव्हा दोन घडी पहिल्यापासून मोजायच्या."

पलीकडे बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कमलबाई म्हणाल्या, "माझा कुठला गं चहा? तो इकडे येतो तुमच्याकडूनच. तिथूनच परत फिरला, तर धुळ्याला कुठून पोचणार?"

झालं. दोघीही उपाशी. कमलबाईंनी बातमी परिवाराच्या ग्रुपवर टाकली. बोदवडच्या आत्यांनी विचारलं की आम्ही तर चहा घेऊन बसलो, आता प्रायश्चित्त काय. भडगावच्या मामींनी नवऱ्याला गच्चीवर पाठवून गिरणेच्या बाजूने काही जाताना दिसलं का ते बघायला लावलं. शेजारच्या मंदाबाई केळीची फणी घेऊन आल्या आणि हा सगळा प्रकार ऐकून म्हणाल्या, "मले तं वाटलं फक्त लाइटच गेली."

दहाच्या सुमाराला भिकमचंदशेठ दुकानातून मुद्दाम घरी आले. ढग फाटले होते. ते बायकोला म्हणाले, "अगं, दुकानाच्या पायरीवर ऊन पडलंय."

"कालचं राहिलं असेल," राजकुंवरबाई म्हणाल्या.

नंतर दर थोड्या वेळाने दोन्हीकडून फोन. आवाज काळजीचा, कान मात्र कपबशीकडे. चहा झाला का? छे, तुझा? माझा कुठला.

दुपारी आयुषी आली. तिने सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. तो सूर्य बुधावरचा होता, तिथे काही ठिकाणी तो उगवून परत मावळतो आणि पुन्हा उगवतो, जळगाव-धुळ्याचा सूर्य ठणठणीत आहे, सगळ्यांनी चहा घ्या. इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण शिकलेली पोर, तिला राहवेना. तिने पुढे जोडलं, "आणि एकदा नीट उगवला ना, की आपले जवळजवळ तीन महिने तो मावळतच नाही."

हिनाने आल्याचा चहा आणला. राजकुंवरबाईंनी नवकारसी सोडायला मूठ वळून नवकार मंत्र म्हटला, कप ओठांपर्यंत नेला, आणि कमलबाईंचा निरोप आला. सूर्य मावळला की या दोघींचं अन्नपाणी बंद, तो चौविहार. कमलबाईंनी नेमकं तेच धरलं होतं. "म्हणजे राजकुंवरचा चौविहार तीन महिन्यांनी. तोवर रात्री बाराला कचोरी खाल्ली तरी चालते. अशी तपस्या बाई आम्हाला नाही जमायची." खाली बोदवडपासून भडगावपर्यंत हसरे चेहरे.

राजकुंवरबाईंनी कप खाली ठेवला. "माझा आज उपवास," त्या म्हणाल्या. "पाण्याशिवाय. टाक ग्रुपवर."

चहा भिकमचंदशेठ प्याले.

दिवस मावळला. राजकुंवरबाई कोरड्या घशाने भिंतीला टेकून बसल्या होत्या. आयुषीचा फोन वाजला. तिला सगळे फोन स्पीकरवर घ्यायची खोड.

"बेटा," कमलबाईंचा आवाज अगदी हळू होता, "ते बुधाचं माझ्या टीव्हीवर लावून देशील का? सकाळी आपलं धुळंच राहू दे. फक्त संध्याकाळी, सातच्या पुढे. आणि राजकुंवरला बोलू नको."

शाल मिळाली तेव्हासुद्धा राजकुंवरबाईंना जावेचा एवढा हेवा वाटला नव्हता. दिवसभर तो सूर्य आपल्याच घरात होता, आणि आपल्याला मेली त्याची फक्त सकाळ दिसली.