जनता डबा घेऊन आली

"लोक येतील! तुम्ही दार तर उघडा!"

मानसशास्त्राच्या सरांनी हे वाक्य इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते लांबून दिसले तरी कुलगुरू जिना बदलत. विद्यापीठाची संशोधन नैतिकता समिती बंद दाराआड बसे. माणसांवर कोणते प्रयोग करायचे हे तिथे ठरे, आणि माणसांनाच तिथे मज्जाव! सरांना ते खपत नव्हतं. शेवटी कुलगुरूंनी हात टेकले, पण अट घातली : पहिल्या खुल्या बैठकीला बाहेरचं एक तरी माणूस आलं पाहिजे. नाहीतर दार कायमचं बंद.

बैठकीच्या दिवशी प्रेक्षकांच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या! सरांनी घाबरून बायकोला फोन लावला.

"कुणालाही पाठव. जिवंत असलं म्हणजे झालं!"

"बघते," बायको म्हणाली.

पहिलाच प्रस्ताव सरांचा होता. विषय : घरच्यांचं मन राखायला आपण किती खोटं बोलतो. सर समितीसमोर बसले, म्हणजे प्रेक्षकांकडे पाठ करून. तेवढ्यात मागे दार कुरकुरलं, चपला वाजल्या, खुर्ची सरकली. जनता आली! सरांना स्फुरण चढलं. जनता कंटाळू नये म्हणून त्यांनी आकडे बाजूला सारले आणि थेट उदाहरणाला हात घातला.

"एक वयस्कर बाई आहेत. दर रविवारी जावयासाठी केक करतात. केक कसला, वीट! वीट निदान आतून कच्ची नसते!"

समिती हसली. मागे कुणीतरी खोकलं. जनताही रंगलीय, सरांना वाटलं.

"जावई म्हणतो, 'वा! काय हलका झालाय!' आणि बाईंची पाठ वळली की तुकडा बाल्कनीतल्या कुंडीत. कुंडीत गुलाब होता. गेला बिचारा! बाई अजून माळ्याला बोल लावतात."

मागचा खोकला थांबला.

अध्यक्षबाई गंभीर झाल्या. "पण यातून त्या बाईंची ओळख नाही ना पटणार?"

"शक्यच नाही! त्या इथे येऊन बसल्या तरी त्यांना पत्ता लागायचा नाही!"

"लागला बरं का, जावईबापू!"

सरांची मान वळायलाच तयार होईना. वळली तेव्हा पहिल्या रांगेत सासूबाई दिसल्या. मांडीवर भला मोठा डबा.

"आई, तुम्ही?"

"लेक म्हणाली, कुणी नाही तर तूच जा. मीटिंगला रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून केक केला."

सर अध्यक्षबाईंकडे झुकले. "मॅडम, पुढचं कामकाज जरा... बंद दाराआड घेता येईल?"

"तुम्हीच केलेला नियम आहे, सर. नाही येणार."

सासूबाई उठल्या आणि त्यांनी प्रत्येक सदस्यापुढे एकेक तुकडा ठेवला. "खा आणि खरं काय ते सांगा. नैतिकतेची समिती आहात ना!"

सगळे चावू लागले. चावतच राहिले. कायद्याच्या मॅडमनी पाण्याचा अख्खा ग्लास रिचवला. डॉक्टरांनी दाढ चाचपली. सासूबाई परीक्षेच्या वर्गातल्या पर्यवेक्षिकेसारख्या एकेकाच्या तोंडाकडे पाहत उभ्या.

"छान आहे," डॉक्टर म्हणाले.

"हलका झालाय," कायद्याच्या मॅडम म्हणाल्या.

"रेसिपी द्या हं!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

सर ताडकन उभे राहिले. "पाहिलंत? सिद्ध झालं! सगळे खोटं बोललात!"

"खोटं?" सासूबाई गर्रकन समितीकडे वळल्या.

"छे, छे!" समिती एका सुरात ओरडली.

एकदा असं म्हटल्यावर मागे फिरणं कठीण होतं. समितीने सरांचा प्रस्ताव एकमताने फेटाळला. कारणही जाहीरपणे वाचून दाखवलं : 'अर्जदाराने दिलेलं उदाहरण वस्तुस्थितीला धरून नाही. केक उत्तम आहे.'

अट मात्र पुरी झाली होती. बैठका आता कायमच्या खुल्या! सासूबाईंना इतकं बरं वाटलं, की त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मी दर महिन्याला येणार. आणि पुढच्या खेपेला दोन डबे आणीन. आज कुणाला पोटभर मिळाला नाही."

सर मान खाली घालून बाहेर पडले. कॉरिडॉरच्या टोकाला अध्यक्षबाईंनी त्यांना गाठलं. इकडेतिकडे पाहत, एक हात गालावर धरून त्यांनी हळूच विचारलं,

"सर, हे दार पुन्हा बंद करायचं असेल, तर अर्ज कुणाकडे करायचा हो?"