दोन दारांचा मुऱ्हाळी

कळसाडीचे पितांबरभाऊ पाटील सुरतेला निघाले होते ते सात जण बसतील अशी गाडी बुक करायला, आणि त्यांनी ती केलीही असती; पण वाटेत त्यांना तहान लागली. रस्त्यापलीकडे उसाचा रस होता. पण ऐन चैत्रात रस्ता ओलांडणार कोण? म्हणून ते शेजारच्या काचेच्या शोरूममध्ये शिरले. आत एसी होता, आणि दारातल्या माणसाने वाकून सलाम केला होता. (कोणी सलाम केला की पितांबरभाऊंना माघारी फिरता येत नाही. परक्याच्या वरातीतल्या बँडवाल्यालाही ते थांबून नमस्कार करतात.)

सात जणांची गाडी हवी होती ती बहिणीसाठी. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली प्रत्येक मुलगी माहेरी येते, आणि तिला आणायला भाऊ जातो. त्या भावाला मुऱ्हाळी म्हणतात. पितांबरभाऊ दर वर्षी मुऱ्हाळी होऊन बहिणीच्या, काजलच्या, सासरी म्हसावदला जात, पाहुणचार झोडत आणि बहिणीशिवाय परत येत. काजलचे सासरे वारल्यापासून तिची सासू रेवाबाई दिवसभर घरात एकटी राहायला तयार नव्हती, आणि सुनेच्या माहेरी पाय ठेवायलाही तयार नव्हती. त्यामुळे काजलची आखाजी कित्येक वर्षं म्हसावदच्या ओट्यावरच जात होती. गावातल्या साऱ्या पोरी माहेरी यायच्या आणि पितांबरभाऊंची तेवढी यायची नाही. त्या दिवशी आमरस त्यांच्या घशाखाली उतरत नसे. (दोन वाट्यांनंतर उतरत नसे, पण उतरत नसे.)

त्यांची बायको चेतना म्हणाली होती, "मोठी गाडी ल्या. काजल, तिना पोरं, जवाई नवनीत, सासू, समदासले एकसाथ उचला. मंग म्हतारी काय बोलस ते देखू."

बेत झकास होता. आणि त्या बेताच्या आड शोरूममधली ती गाडी उभी होती.

ती जमिनीला इतकी लागून होती, की पितांबरभाऊंना आधी वाटलं चाकं काढून ठेवली असावीत. रंग झाडावर पिकलेल्या पपईचा, वरून केशरी आणि कडेला हिरवट झाक मारणारा. पितांबरभाऊंचं निम्मं आयुष्य पपईत गेलेलं. असा रंग त्यांना दहा एकरांत एखाद्याच फळावर दिसायचा. ते गाडीभोवती फिरले. पुढून फिरले, मागून फिरले, आणि बैल घेताना फिरवतात तसा मागच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

मिथुन नावाचा सेल्समन धावत आला. "सर, स्पोर्ट्स कूपे. तीनशे ऐंशी हॉर्सपॉवर."

बाकी तो काय बोलला ते पितांबरभाऊंना कळलं नाही, पण हॉर्सपॉवर त्यांना पाठ होतं. घरी ट्रॅक्टर होता, पंचेचाळीसचा. त्यांनी मनात भागाकार केला आणि मटकन शेजारच्या सोफ्यावर बसले.

"म्हंजे आठ ट्रॅक्टर," ते म्हणाले. "आठ ट्रॅक्टर आनि वऱ्हे थोडं मळणीयंत्र."

"जी सर," मिथुन म्हणाला. गिऱ्हाइकाच्या हिशोबात तोंड घालायचं नाही हे त्याला शिकवलेलं होतं.

"नांगर वढी का?"

"सर, शंभरचा स्पीड चार सेकंदांत."

चार सेकंदांत पितांबरभाऊंना साधी चप्पलही सापडत नाही. ते आत बसले. सीटने त्यांना दोन्ही बाजूंनी असं कवेत घेतलं, की लहानपणी आजीच्या मांडीवर बसल्याची आठवण झाली. मिथुनने बटण दाबलं. इंजिन आधी घुमलं, मग खालच्या पट्टीत गुरगुरत राहिलं, आणि तो आवाज पितांबरभाऊंच्या पोटात शिरून तिथेच बसला. त्या क्षणी त्यांना सात जण आठवले नाहीत. एकही जण आठवला नाही.

"मांगला दार कोठे शेत?" एवढं मात्र त्यांनी विचारलं.

"सर, कूपेला दोनच दारं असतात. मागे सीट आहे, पण ती..." मिथुन शब्द शोधत राहिला. "ती दिसायला आहे."

पितांबरभाऊंनी चेतनाला फोन करून सांगितलं, "गाडी लिधी." हे खरं होतं. कोणती, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चेतनाने त्याच संध्याकाळी साऱ्या भाऊबंदांत सांगून टाकलं, की आमच्या गाडीत आरामात सात माणसं बसतात.

आखाजीच्या आदल्या सकाळी गाडी कळसाडीत आली तेव्हा अख्खा गाव तिच्याभोवती जमला. गोवाल मिस्त्रीने तर तिच्यापुढे चपला काढल्या. चेतना हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. तिने दारं मोजली. दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा मोजली.

"भाग्येशना बाप," ती शांतपणे म्हणाली, "यामा सात जन कोठे बठतीन?"

"देख ना, कितली भारी शे," पितांबरभाऊ म्हणाले.

"भारी तं शे." ती खोटं बोलणारी बाई नव्हती. गाडीवरून तिची नजर हटत नव्हती, आणि त्याचाच तिला जास्त राग आला होता. "पन काजलले कशी आनशात? आनि यंदा बी म्हतारीनी तिले धाडं नही, तं मी तुमनासंगे आखाजी करावू नही. रस बी करावू नही."

चेतना बोलली म्हणजे करून दाखवते. पितांबरभाऊ निमूटपणे म्हसावदला निघाले.

रस्त्याने त्यांची परीक्षाच घेतली. आठ ट्रॅक्टरांची ताकद केळी भरलेल्या एका ट्रॅक्टरच्या मागे चालली होती, आणि त्या ट्रॅक्टरचा चालक मोबाइलवर भजन ऐकत होता. त्यात आपल्याकडे प्रत्येक गावाने आपापला गतिरोधक स्वतःच्या हौसेने घातलेला. गाडीचं नाक जमिनीला लागलेलं, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी तिरपं व्हावं लागे. तिरपी गाडी दिसली की पारावरची मंडळी उठून येत. एक जण पुढे वाकून बघायचा, एक मागे, आणि तिसरा "येऊ द्या, येऊ द्या, आते डावीकडे" करायचा. गाडी सुखरूप उतरली की सगळे मिळून खूश. असे गावोगावचे आशीर्वाद घेत पितांबरभाऊ म्हसावदला पोचले, तेव्हा मागून निघालेली दुधाची सायकल त्यांच्या पुढे गेलेली होती.

काजल धावत बाहेर आली. गाडी पाहून तिने तोंडावर पदर धरला. "दादा, हाई तुन्ही?"

"मन्हीच."

तेवढ्यात रेवाबाई आल्या. पांढरं लुगडं, कपाळाला आठ्या, आणि पहिलं वाक्य तयार. "भाऊ, चहा पी आनि जाय. सून काही येवाव नही. मी एकली काय करू?"

"मावशी, तुम्ही बी चाला," पितांबरभाऊ दर वर्षीचं वाक्य म्हणाले.

"याहीनना दारवर मी जावाव नही," रेवाबाईही दर वर्षीचं म्हणाल्या. मग त्यांची नजर गाडीवर गेली. त्या ओट्यावरून उतरल्या. पितांबरभाऊंसारख्याच पुढून फिरल्या, मागून फिरल्या, आणि पुठ्ठ्यावर हात ठेवला. "हाई काय शे? गाडी शे का खाट? इतली बुटकी?"

"बठी तं देखा."

रेवाबाई बसल्या, म्हणजे आत गेल्या. लुगडं, चष्मा, तपकिरीची डबी असं सगळं त्या सीटने एका घासात घेतलं. त्यांनी पाठ टेकली. एकदा डावीकडे हलून पाहिलं, एकदा उजवीकडे. मग समोरचं एक बटण त्यांना आवडलं आणि त्यांनी ते दाबलं. नेमकं तेच बटण होतं. गाडी अशी डरकाळली, की गोठ्यातली म्हैस उभी राहिली आणि शेजारच्यांनी टीव्ही बंद केला.

रेवाबाई हसल्या. अगदी बोळकं उघडून, पोट धरून हसल्या. काजल दारात उभी राहून बघत राहिली, कारण सासरे गेल्यापासून तिने हे पाहिलं नव्हतं.

"भाऊ," रेवाबाई म्हणाल्या, "चौकलगून एक चक्कर मार."

चौकात इंद्रसिंग पानवाल्याच्या टपरीपुढे गाडी थांबली. टपरीवर अर्धं म्हसावद होतं. सगळे वाकून आत बघू लागले आणि आतून रेवाबाई बघू लागल्या.

"रेवाबाई, तुम्ही? कथा जाई ऱ्हायनात?" इंद्रसिंगने हात जोडून विचारलं.

आता अशा गाडीत बसून 'कुठेच नाही, एक चक्कर मारून घरी' असं सांगणं कोणाच्या जिवावर येणार नाही? रेवाबाईंनी चष्मा नीट केला आणि भर चौकात सांगितलं, "कळसाडीले. आखाजीले."

चौकात बोललेला शब्द रेवाबाईंनी उभ्या जन्मात मागे घेतला नव्हता. त्या पुढे बघत म्हणाल्या, "आते बोली गयू ना मी. चाल, आठूनच सरळ चाल. सूनले फोन कर. तिले सांग, पोरं लई मन्हा नवनीतना मांगे फटफटीवर बठी ये."

पितांबरभाऊंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांचं त्यांचं आर्जव जे करू शकलं नाही, ते दोन दारांनी आणि एका सीटने केलं होतं. सात जणांची गाडी असती तर म्हातारी मधल्या रांगेत पोरांच्या मध्ये बसली असती, आणि तिला कोणी विचारलंही नसतं. त्यांनी स्टीअरिंगला हळूच हात जोडले.

कळसाडीला पोचायला उशीर झाला, कारण सगळे गतिरोधक परतीच्या वाटेवरही होते, आणि आता प्रत्येक गावात रेवाबाई काच खाली करून लोकांना सूचना देत होत्या. नवनीतची मोटारसायकल केव्हाच पुढे गेली होती. काजल अंगणात आली होती, चेतनाने भाकरीचा तुकडा ओवाळून तिला घरात घेतलंही होतं. आंब्याला बांधलेल्या झोक्यावर ती बसली होती आणि पोरं रसाच्या पातेल्याभोवती घोटाळत होती. बहिणीला माहेरी पाहून पितांबरभाऊंना इतका आनंद झाला, की रेवाबाईंना सीटमधून बाहेर काढायचं ते विसरूनच गेले.

चेतनाने दोघांकडे पाहिलं. "बहीन लेवाले गयात, आनि तिनी सासू लई उनात," ती म्हणाली, पण हसत म्हणाली. मग नवी साडी सारखी करत ती गाडीजवळ आली. "चाला, आते माले बी दखाडा तुमनी गाडी."

पितांबरभाऊ ज्या क्षणाची वाट पाहत होते तो हाच. अडचण एवढीच होती, की शेजारच्या सीटवर रेवाबाई होत्या आणि त्यांचा उठण्याचा काही विचार दिसत नव्हता.

"चेतना, तुले चालाडता येस ना?" रेवाबाईंनी विचारलं.

"पिकअप चालाडस मी. मंडीमा जास रोज."

"मंग भाऊ, तू उतर. तुन्हा हात घाबरस."

पितांबरभाऊ उतरले. दोन्ही दारं बंद झाली. गाडी आधी गुरगुरली, मग वेशीपर्यंत सरळ रेषेत अशी निघून गेली, की गोवाल मिस्त्रीची टोपी उडाली. ती इतकी सुंदर धावते, हे तिच्या मालकाला बाहेर उभं राहिल्यावर पहिल्यांदा दिसलं. ते बराच वेळ कौतुकाने बघत राहिले.

"दादा," झोक्यावरून काजल म्हणाली, "गाडी ईकू नको बरं का. सासूबाईले पुढल्या साली लेवाले हाईच लई ये."

"आनि तुले?"

"मी येसू ना फटफटीवर," ती म्हणाली. "तू आते तिना मुऱ्हाळी शे."