मुकादम सरांचं पाणी

लग्नात सरबत आलं की मुकादम सर आधी पीत नाहीत. शेजारच्याला विचारतात, "बोल, बर्फ बुडत का नाही?" उत्तर आलं नाही की तिथंच वर्ग भरतो.

महाडला त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी, आता शेजारी. दोन्हीकडे काठावर पास. दासगावच्या एका लग्नात त्यांनी आम्हा पाहुण्यांना पाण्याचे रेणू केलं.

"पोट म्हणजे ऑक्सिजन, दोन हात म्हणजे हायड्रोजन. पोट अधाशी रे, हातांतले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतं. मग उघडा पडलेला हात शेजाऱ्याच्या पोटाकडे झुकतो. हाच हायड्रोजन बंध. लाव हात."

मी नवरदेवाच्या मामांच्या पोटाला हात लावला. मामांना गुदगुल्या झाल्या.

"आता गोठा." म्हणजे हात ताठ, अंतर राखून. आमचा बर्फ असा पसरला की बिर्याणीची रांग मांडवाबाहेर गेली. सर खूश. "माणसं तेवढीच, जागा जास्त. म्हणून बर्फ हलका."

हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं झालं नसतं.

सर घरात एकटे. मुलगा इम्रान कुवेतला, गेल्या दोन्ही ईदांना आला नव्हता. या खेपेला येणार म्हणून सरांनी स्वतः कोकम सरबत केलं, काचेच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या आणि त्यांचा फ्रीज बिघडलेला, म्हणून माझ्याकडे दिल्या. "खालच्या कप्प्यात ठेव हां."

मी म्हटलं, पोरगा वीर स्टेशनवरून रिक्षात भाजून येणार, चांगलं गार असू दे. बाटल्या फ्रीजरमध्ये कोंबल्या. मावली नाही ती एक तेवढी खाली ठेवली.

सकाळी फ्रीजर लालेलाल. काचा कागदात बांधून, उरलेली बाटली काखेत मारून, शिव्या खायच्या तयारीनं गेलो. सर पडवीत फोन हातात घेऊन बसले होते. एक काच उजेडात धरून म्हणाले, "ढ तो ढच. पण प्रयोग झकास केलास."

मग काच खाली ठेवली. "जाऊ दे. आत्ताच त्याचा फोन आलेला. रजा नाय मिळाली."

मी म्हटलं, "सर, हे बंध तसे कच्चेच ना?"

"एकेकटा कच्चाच. पाण्यात तर सारखा सुटतो. सुटला की जवळ असेल त्याला धरतो."

त्यांनी बाटली उघडून दोन ग्लास भरले. एक माझ्यापुढे सरकवला.

"घाई आहे का तुला?"

पोलादपूरला जाऊन दुकान उघडायचं होतं. गिऱ्हाईक शटरपाशी येऊन उभं असणार.

"नाय," म्हटलं, आणि चपला काढल्या.