हेडलाइटची गादी

"बाबा, मला मोटारसायकल शिकवाल?"

मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भिंगरीने हा प्रश्न रात्री जेवताना, बाबांच्या तोंडात घास असतानाच विचारून टाकला. घास असला की माणसाला लगेच 'नाही' म्हणता येत नाही, एवढं तिने आधीच ताडलं होतं. भिंगरी हे तिचं घरातलं नाव. ती एका जागी शेवटची कधी बसली होती, हे आईलाही आठवत नव्हतं.

बाबांनी घास सावकाश चावला. ते पंपांच्या कारखान्यात तपासनीस होते. चांगल्या चालणाऱ्या पंपावर शंका घेण्याचाच त्यांना पगार मिळायचा.

"शिकवतो," ते म्हणाले. आईच्या हातातला चमचा हवेतच थांबला. "पण एक अट आहे. कारखान्याच्या रस्त्याचं काम चालू आहे, सगळीकडे खडी पडलीय. पुढचा डंपर ती उडवतो आणि आपली हेडलाइट फोडतो. कालच नवी काच बसवलीय. रस्ता पुरा होईपर्यंत ती टिकली, तर शिकवतो."

"आणि फुटली तर?"

"तर कॉलेजात गेल्यावर बघू."

कॉलेज! तोपर्यंत भिंगरी म्हातारी झाली असती. काच वाचवायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी हेडलाइटवर पिठाची चाळणी बसली. खडी अडली, अगदी छान अडली. पण अंधार पडल्यावर रस्ताभर जाळीच्या सावल्या पडायला लागल्या आणि बाबा प्रत्येक सावलीला खड्डा समजून चुकवत घरी आले.

शेजारचे काका दबक्या आवाजात आईला म्हणाले, "वहिनी, साहेब आज जरा डुलत डुलत येत होते. सगळं ठीक आहे ना?"

आईने तडक चाळणी काढून घेतली. "मी पीठ चाळू की यांची अब्रू सांभाळू?"

भिंगरी अशी हार मानणारी नव्हती. माळ्यावर एक मोडकं स्टूल होतं. त्याच्या बैठकीतला स्पंज काढून तिने हेडलाइटला गादी शिवली, वरून रेक्झिन लावलं आणि नायलॉनच्या दोरीने करकचून बांधली. गाठ शाळेच्या शिबिरात शिकलेली होती, ओढाल तशी आवळत जाणारी.

"अगं, पण उजेड?" बाबांनी विचारलं.

"दिवसा उजेड कशाला लागतो? अंधार पडायच्या आत घरी यायचं."

बाबा खरंच वेळेवर घरी यायला लागले. आईला तर ती गादी फारच आवडली. रस्ताही पुढे सरकत होता. भिंगरी गच्चीवरून रोज डांबर कुठवर आलं ते बघायची आणि हवेतच गिअर टाकायची.

आणि मग एका संध्याकाळी एक पंप हट्टाला पेटला. अंधार झाला, तरी बाबा आले नाहीत. भिंगरी जिना चढत होती, उतरत होती. शेवटी फाटकातून आधी गादी आत आली, मग गाडी आणि तिच्यामागे घामाने निथळणारे बाबा. गाडी ढकलत!

"अगंबाई! अहो, पडलात का कुठे?" आई धावली.

"छे!" बाबा धापा टाकत, पण तोऱ्यात म्हणाले. "काच अगदी शाबूत आहे!"

"मग ढकलत का आणलीत?"

"अंधारात चालवू कशी? लाइट लावायचा तर गादी सोडायला हवी. गाठ जितकी ओढली तितकी आवळली गेली."

"तोडायची होती मग ती दोरी!"

"दगडाने ठेचणार होतो. पण दगड निसटून काचेवर बसला असता तर? पोरीचं शिकणं राहिलं असतं."

भिंगरीने धावत जाऊन आतून कात्री आणली आणि कचाकच दोरी कापली. काच आरशासारखी चकाकत होती. बाबांनी ऐटीत गाडी चालू करून बटण दाबलं.

काहीच नाही. पुन्हा दाबलं. हेडलाइटवर एक टपलीही मारली.

"बल्ब गेलाय," आई म्हणाली. "दिवसभर गादीत लोळून झोपलाय तो. म्हणजे गाठ सुटली असती, तरी तुम्हाला ढकलतच यावं लागलं असतं."

बाबांचा चेहरा मात्र उजळला. "बघ भिंगरे! तुझ्या गाठीचा काहीही दोष नाही. तपासून सांगतोय!"

आता आईला हसू आवरेना. बाबाही पायरीवर बसून हसायला लागले. भिंगरीने एका हाताने डोळे पुसले, दुसऱ्या हाताने ती गादी कचऱ्याच्या डब्यात कोंबली आणि दोघांच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलंय. रस्ता होईपर्यंत मी थांबणार नाही. उद्या सकाळी नवा बल्ब, आणि तिथून थेट मैदान. काच फुटली तर फुटली. आणि गाडी ढकलायची वेळ आलीच, तर बाबा, तुम्ही वर बसायचं. मी ढकलणार."