टिटवीचे पाय आणि साळूताईंचा निबंध

एका जंगलात, बालमित्रांनो, फार सुबत्ता होती. पोटं भरली की मन आठवतं, तसं तिथल्या प्राण्यांना ते आठवलं. मग मनाच्या तळाशी काय दडलंय ते खणून काढणारे विद्वान तयार झाले. घुशी आधीपासूनच खणत होत्या, पण त्यांना कुणी विद्वान म्हणत नसे.

या विद्वानांत एक साळूताई होत्या. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेलं. काट्यांमुळे त्यांच्याजवळ कुणी येत नसे, म्हणून त्या दुरून ऐकायला शिकल्या होत्या आणि ऐकतही छान. स्वभावानं वाईट नव्हत्या हो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही त्यांच्यावर चिडणार आहात.

त्यांचे गुरू बगळेसर. ते ओढ्यात एका पायावर डोळे मिटून उभे असत. फारसं बोलत नसत, म्हणून त्यांना फार कळतं असं सगळे मानत. त्यांनी शिष्यांना एकच नियम घोटून शिकवला होता. रुग्णानं काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. "तुम्हाला काय वाटतं?" असं उलट विचारायचं. झाडाची सावली मोठ्या दगडाला टेकली की "वेळ संपली" म्हणायचं आणि उठायचं. जो उत्तर देतो तो विद्वान नव्हे, तो नुसता शेजारी, असं सरांचं मत होतं.

दर बाजाराच्या दिवशी सुतारपक्षी जुन्या सागावर चोच आपटून संशोधकांसाठी संधी जाहीर करी. अमक्या टेकडीवर चर्चासत्र. तमक्या डबक्याकाठी कार्यशाळा, चिखल आपापला आणावा. नवोदितांसाठी पुरस्कार, नवोदित म्हणजे सगळे दात पडेपर्यंत. साळूताई हरेक ठिकाणी अर्ज करीत. हरेक ठिकाणाहून "आपल्या उत्साहाचं कौतुक वाटतं" असा निरोप येई. असल्या कौतुकानं पोट भरत नाही आणि नावही होत नाही.

एकदा सुतारपक्ष्यानं मोठीच घोषणा ठोकली. अंतर्मनाचं महाअधिवेशन, डोंगरमाथ्यावर! उत्कृष्ट निबंधाला पल्याडच्या तळ्यावर शिष्यवृत्ती, राहायला स्वतंत्र बीळ. अट एकच. रुग्ण सोबत आणावा, आणि तो अजून बरा झालेला नसावा.

साळूताईंकडे नेमका तसा रुग्ण होता. एक टिटवी.

टिटवी रात्री पाय वर करून झोपते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आभाळ पडलं तर पेलायला नको का? पण बाकीच्या टिटव्या अंडी घातली की हा उद्योग सोडतात. हिला तो सुटेना. गेल्या साली गारांनी तिची अंडी फुटली होती, आणि आभाळाचेच तुकडे पडले असं तिच्या मनानं घेतलं होतं. यंदा तिनं नदीच्या वाळवंटात पुन्हा अंडी घातली. तिच्या टिटव्याला ससाण्यानं उचलून नेलं, त्यामुळे पाळी वाटून घ्यायला कुणी उरलं नाही. दिवसा ती अंड्यांवर बसे. रात्री मात्र त्यांच्या शेजारी उताणी पडून आभाळ धरी, आणि अंडी गार पडत.

मनाच्या रुग्णाला उताणं निजवून बोलतं करायची पद्धत आहे. टिटवी आभाळाचं नाव काढताच आपणहून उताणी होई. साळूताईंना तो शुभशकुन वाटला.

"ताई, आभाळ माझ्या अंड्यांवर पडेल अशी भीती वाटते," टिटवीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

साळूताई विचारात पडल्या. इतकं सरळ कारण खरं कारण कसं असेल? ही नुसती वरची साल असणार. त्यांनी खणायला घेतलं.

"तुम्ही स्वतः अंड्यात होतात, तेव्हाचं काही आठवतं?"

"अंधार होता, ताई."

"अंधार!" साळूताई म्हणाल्या. त्यांच्या निबंधाचा पहिला भाग तिथेच तयार झाला.

अधिवेशन तोंडावर आलं, तेव्हा एक दिवस टिटवी येऊन म्हणाली, "ताई, मी फार विचार केला. दिवसा मी कुठे आभाळ धरते? तरी ते असतंच की वर. मला वाटतं, ते पडत नसावं. पण मी अडाणी. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही एकदा 'पडत नाही' म्हणा. मी आज रात्रीच अंड्यांवर बसते. अजून जीव आहे हो त्यांच्यात."

दोन शब्द होते, बालमित्रांनो. साळूताईंच्या अगदी जिभेवर आले. त्यांना टिटवीची मनापासून दया आली. पण हे दोन शब्द उच्चारले की टिटवी आज रात्रीच बरी होणार. बरी झालेली टिटवी घेऊन अधिवेशनात कोण पाऊल ठेवू देणार? शिवाय नियम होताच. नियम अशा वेळी फार उपयोगी पडतो.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"ते आत्ताच सांगितलं की, ताई."

"वेळ संपली," साळूताई म्हणाल्या. सावली दगडापासून अजून हातभर लांब होती.

पण त्यांना चैन पडेना. त्या ओढ्यावर गेल्या.

"सर, तिची अंडी जातील."

बगळेसरांनी एक डोळा उघडला. "साळू, ही काळजी तिची आहे की तुझी?"

"दोघींची आहे, सर."

"वा! मग निबंधात त्यावर एक परिच्छेद घाल," सर म्हणाले, आणि पायाशी आलेला मासा त्यांनी गट्ट केला.

अधिवेशनाला यायला टिटवी तयार होईना. अंडी कुणावर सोपवायची? साळूताईंनी तिला समजावलं, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तिथे मोठमोठे जाणकार येतात. तुमच्या प्रश्नाचा तिथे निकाल लागेल." हे त्यांना स्वतःलाही निम्मंशिम्मं खरं वाटत होतं. टिटवीनं अंड्यांवर वाळू सारली आणि ती निघाली.

डोंगरमाथ्यावर काय थाट! प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं पळसपान. उद्घाटनाचं भाषण 'ऐकण्याची कला' या विषयावर होतं. ते चालू असताना सगळे एकमेकांची पळसपानं वाचत होते. दुपारच्या जेवणानंतर टिटवीला एका सपाट खडकावर उताणं निजवलं. साळूताईंनी निबंध वाचला.

कोल्हा म्हणाला, "आभाळ म्हणजे बाप, हे उघड आहे."

रानमांजर म्हणालं, "छे! आभाळ म्हणजे आई."

अस्वल उठून म्हणालं, "माझा प्रश्न नाही, फक्त एक निरीक्षण आहे." ते निरीक्षण दिवस मावळेपर्यंत चाललं.

शेवटी टिटवीनंच मान वर केली. "पण मायबाप, ते पडतं का हो?"

अख्खी सभा एका सुरात म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. साळूताईंना शिष्यवृत्ती मिळाली. आजवर जवळ न आलेल्या प्राण्यांनी काटे टोचत असतानाही त्यांना मिठ्या मारल्या. गळ्यात हार पडला तेव्हा कुठे टिटवी उडून गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

आता अधिवेशन संपलं होतं. आता सांगायला काय हरकत होती? साळूताई हारासकट डोंगर उतरू लागल्या. काटे खडखडवीत, ठेचाळत, पहाटे एकदाच्या नदीवर पोचल्या.

"टिटवीबाई! पडत नाही! आभाळ पडत नाही हो!"

टिटवी अंड्यांपाशी सरळ दोन पायांवर उभी होती.

"ठाऊक आहे, ताई. रात्री आल्यावर मी धरलंच नाही. तरी नाही पडलं."

"का नाही धरलंत?"

"अंडी गार झालीत. आता पडलं तरी माझं काय जायचंय?"

साळूताई तिथेच रडू लागल्या. ते रडणं अगदी खरं होतं. तेवढ्यात शिष्येचं अभिनंदन करायला बगळेसर येऊन उतरले. टिटवी पायांवर उभी आहे हे पाहून त्यांनी चक्क दोन्ही डोळे उघडले.

"बरी झाली! आणि एक अक्षरही न सांगता!"

"सर, अंडी..." साळूताई म्हणाल्या.

"तो पुढच्या अधिवेशनाचा विषय. आत्तापासूनच तयारीला लाग," म्हणून सर उडाले.

टिटवीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग साळूताईंकडे. "ते म्हणतात ते खरं का, ताई? मी बरी झाले का?"

साळूताईंना नाही म्हणायचं होतं. माझं चुकलं म्हणायचं होतं. त्यांनी डोळे पुसले, तोंड उघडलं, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "तुम्हाला काय वाटतं?"

तात्पर्य : घाबरलेल्या जिवानं काही विचारलं, तर मुलांनो, चटकन उत्तर देऊ नये. उत्तरानं फार तर एकाचं भलं होतं. प्रश्नावर अख्खं अधिवेशन जेवतं.